घड कुणाच्या खांद्यावर

या, जरा जवळ सरका. गोष्ट मोठ्यानं सांगण्यासारखी नाही. ज्याची आहे तो दोन घरं सोडून राहतो आणि त्याचे कान तिखट आहेत. मोबाइल उलटे ठेवा, पाणी प्यायचं असेल तर आत्ताच प्या. काल इथंच मंदिरात कीर्तनकार बुवांनी निरूपणाला सहा रिपू घेतले होते. पहिल्या पाचांवर काय रंगले! आणि सहाव्यापाशी, मत्सरापाशी आले तोवर आरतीची वेळ झाली, म्हणून दोन वाक्यांत उरकलं. मला चुटपुट लागून राहिली. मत्सर म्हणजे पंगतीत उशिरा येणारा पाहुणा. बसतो शेवटी आणि जेवतो सगळ्यांपेक्षा जास्त. त्याचं जेवण मी फुटबॉलच्या मैदानावर डोळ्यांनी पाहिलंय. तेवढं सांगतो.

आपले नंदूभाऊ, नंदकुमार. घर इथं, केळीची बाग नदीपलीकडे जैनाबादला. सूर्यपुत्री क्लब त्यांनीच उभा केला. ताप्तीमाई सूर्याची लेक, तिचंच हे नाव, म्हणून आम्ही सगळे त्या क्लबचे भक्त. भाऊ कोच होते तेव्हा खेळ कसा? सगळे पुढे. गोलकीपर लोटूसुद्धा अर्ध्या मैदानापर्यंत चालत यायचा. चार मारायचे, पाच खायचे. घरी जाताना घसा बसलेला आणि मन तृप्त.

भाऊंनीच एक रिवाज पाडला होता. सामन्याच्या दिवशी ते बागेतला पिकलेला घड आणायचे आणि मैदानाच्या कडेला कडुनिंबाला टांगायचे. गोल होईपर्यंत त्या घडाला कुणी हात लावायचा नाही. सामना संपला की ज्यानं गोल केला त्यानं तो घड खांद्यावर घ्यायचा, शनवाऱ्याच्या बाजारापर्यंत चालत न्यायचा आणि तिथल्या चौकात वाटायचा. वाटेत दुकानदार विचारणार, "कोणी मारला रे?" आणि त्यानं म्हणायचं, "मी." बस, एवढंच. पण त्या एका शब्दासाठी पोरं जीव टाकायची. भाऊंचा पोरगा अनिकेत तर तो शब्द म्हणतच मोठा झाला.

त्याला चेंडू शिकवला तोही भाऊंनीच, बागेत. दोन केळीच्या खुंटांमध्ये भाऊ उभे राहायचे, एक पाय वाकवून, हात वर, हातात सोललेलं केळं. "अन्या, घेऊन जा!" पोरगं चेंडू ढकलत धावत यायचं आणि केळं तोंडात घालूनच थांबायचं.

मग एका वर्षी पाच-चार, पाच-चार असं ओळीनं हरलो. क्लबच्या मंडळींनी भाऊंना शाल दिली, नारळ दिला, म्हणाले, "भाऊ, आता तुम्ही मार्गदर्शक." आपल्याकडे शाल दिली की माणसानं समजून घ्यायचं असतं. भाऊंच्या जागी आले यादव सर. खंडव्याकडचे, शाळेत खेळाचे शिक्षक म्हणून बदलून आलेले. अंगानं किडकिडीत, आवाज इतका हळू की पोरांना जवळ जावंच लागायचं.

सरांनी पहिलं काम काय केलं? अनिकेतला पुढून काढला आणि सगळ्यात मागे, लोटूच्या पुढ्यात उभा केला. म्हणाले, "बेटा, तुला मैदान दिसतं. ज्याला दिसतं त्यानं मागं थांबावं."

सामने सुरू झाले. शून्य-शून्य. पुन्हा शून्य-शून्य. आमचे अकरा जण आपल्याच गोलापुढे उभे, जसे दर्शनाच्या रांगेत. मोबाइलच्या कव्हरचं दुकान चालवणारा धर्मेंद्र रात्रंदिवस परदेशातले सामने बघतो, त्यामुळे आमच्यात तो पंडित. तो म्हणाला, "ये फुटबॉल है की चौकीदारी? बॉल आला की फेक बाहेर, आला की फेक बाहेर. माझी आजी अंगणातून कुत्रं हाकलते, तिला घ्या ना टीममध्ये!"

उखर्डूबुवा आमच्यात वयानं मोठे, मंदिरात टाळ धरतात. ते म्हणाले, "जाऊ दे ना भो. गोल तर खाल्ला नाही ना एकही."

"काका, उपाशी राहिलं तर अपचनबी होत नाही," धर्मेंद्र म्हणाला.

सगळे हसले. नंदूभाऊ सगळ्यांत उशिरापर्यंत हसत होते. मग हळूच म्हणाले, "मी काही बोलणार नाही. मी मार्गदर्शक आहे." आणि पुढचा अर्धा तास बोलत राहिले.

घड काही कडुनिंबावरून उतरेना. सामना संपला की भाऊ तो तसाच काढून घरी न्यायचे. विमलवहिनींनी शिकरण केली, भाजी केली, उन्हात काप वाळवले. शेवटी त्या म्हणाल्या, "अहो, गायसुद्धा आता तोंड फिरवते. तुमच्या सरांना सांगा, एक तरी गोल मारा, माझ्या चुलीची सुटका करा."

"माझे सर?" भाऊ भडकले. "तुझ्या लेकाचे सर."

इथं खरं दुखणं होतं. शाल भाऊंनी पचवली असती. पण घरात रोज "सर म्हणतात" चालू झालं. जेवायला बसलं की अनिकेत ताटातल्या वाट्या मांडायचा. ही वरणाची इथं, ही भाजीची तिथं, लिंबाची फोड म्हणजे चेंडू. "पप्पा, सर म्हणतात, बॉलकडे नाही बघायचं, मोकळ्या जागेकडे बघायचं. ही जागा मोकळी पडली की संपलं." आणि भाऊंच्या ताटातली वाटी उचलून मागे सरकवायचा. "तुमची वाटी मागं पाहिजे, पप्पा."

भाऊ वाटी पुन्हा पुढे ओढायचे. "आमटी थंड होते," म्हणायचे.

एकदा अनिकेतला ताप आला, तर सर सायकलवर नारळपाणी घेऊन आले. पोराच्या कपाळावर हात ठेवला. भाऊ दारातच उभे होते. नंतर मला म्हणाले, "कपाळ माझ्या पोराचं, हात त्याचा. आणि पोरगं डोळे मिटून पडलं ना भो, जसं काही मीच कधी हात ठेवला नाही." मी म्हटलं, "भाऊ, नारळपाणीच आणलं होतं, वरात नव्हती आणली." पण हसले नाहीत. बागेत नारळाचं झाड नसल्याचा राग येतो का कुणाला? भाऊंना आला होता.

मध्ये एक गंमत झाली. हरद्याच्या संघाशी सामना होता. त्यांच्याच एका पोराच्या पायाला लागून चेंडू त्यांच्याच जाळ्यात गेला आणि आम्ही एक-शून्यनं जिंकलो. आता घड कुणाचा? धर्मेंद्र म्हणाला, कुणाचाच नाही. उखर्डूबुवा हट्टाला पेटले. "रिवाज काय आहे? ज्यानं गोल केला त्याचा घड. कुठल्या जाळ्यात केला हे रिवाजात नाही." भाऊंनाही ते पटलं, किंबहुना फार पटलं, कारण आपल्या पोरांनी गोल केला नाही हे त्यातून जगाला दिसत होतं. त्या हरद्याच्या पोराला धरून आणलं, खांद्यावर घड दिला आणि टाळ्या पिटत शनवाऱ्यापर्यंत चालवलं. बिचारा रडावं की हसावं अशा तोंडानं विचारणाऱ्यांना सांगत होता, "मैंने."

मग आला शेवटचा सामना. खंडव्याच्या संघाशी, आपल्याच मैदानावर. हिशेब सोपा होता. बरोबरी झाली तरी सूर्यपुत्री इंदूरला पुढच्या फेरीत जाणार. आजवर आपल्या क्लबनं इंदूर पाहिलं नव्हतं. सगळं गाव कडेला उभं. जैनाबादहून, खकनारकडून माणसं आली होती. कडुनिंबाला घड टांगलेला, पिवळाधमक.

आणि काय सांगू, त्या दिवशी ती चौकीदारी मला आवडायला लागली हो! खंडव्याची पोरं लाटेसारखी यायची आणि अनिकेत आधीच तिथं उभा. धावायचा नाही, घाई नाही. जिथं चेंडू येणार तिथं हा. कीर्तनात आपलं लक्ष बुवांकडे असतं, पण मागचा टाळ चुकला तर बुवांचा पायही चुकतो. तसा तो मागे उभा राहून सगळ्यांचा ताल धरून होता. लोकांनाही कळायला लागलं. धर्मेंद्रच ओरडला, "वा रे अनिकेत! दीवार है दीवार!" आणि शेजारचा कुणी म्हणाला, "सरांनी घडवलंय पोराला."

सरांनी घडवलंय. भाऊ माझ्या बाजूलाच होते. त्यांचा चेहरा मी पाहिला. पानाला चुना जास्त लागावा तसा झाला.

सामना संपत आला होता. तेव्हा भाऊ कडुनिंबाकडे गेले. घडाला हात घातला आणि एक केळं तोडलं. गोल झालेला नसताना! रिवाज पाडणाऱ्या हातांनीच तो मोडला. मी म्हटलं, "भाऊ, काय करून राहिले?" ते ऐकतच नव्हते, म्हणून मीही मागोमाग निघालो. दुखरा गुडघा ओढत मैदानाच्या कडेकडेनं पार दुसऱ्या टोकाला गेले, खंडव्याच्या गोलामागे. तिथं उभे राहिले. एक पाय वाकवला. केळं सोललं. हात वर केला.

"अन्या! घेऊन जा!"

इतक्या लांबून केळं काय दिसणार? पण ती उभं राहण्याची ढब दिसली असेल. चेंडू अनिकेतच्या पायात होता. बाहेर फेकायचा होता, बाकी काही नाही. सर कडेवरून हळू आवाजात काहीतरी म्हणाले. पोरानं मान वर केली, आणि निघाला.

काय धावला! एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं. गाव ओरडायला लागलं. भाऊंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ‘माझ्या हाकेला आलं, माझं पोरगं माझ्याच हाकेला आलं.’ ते ओरडत नव्हते, पण चेहऱ्यावर असं लिहिलेलंच होतं. अगदी गोलापाशी येऊन अनिकेतचा चेंडू खंडव्याच्या गड्यानं काढून घेतला आणि लांब, खूप लांब मारला. तिकडे मागे सगळं मैदान मोकळं. लोटू एकटा. बिचारा कुठं कुठं पुरणार?

गोल झाला तेव्हा सगळं गाव तिकडे बघत होतं. एक नंदूभाऊ सोडून. ते अजून अनिकेतकडेच बघत होते, हात वर, हातात केळं. सामना संपल्याची शिट्टी वाजली तेव्हा त्यांना कळलं.

पुढचं फार वाईट झालं. लोक सरांवर तुटून पडले. "इतके दिवस दार लावून बसले आणि शेवटी चोर घुसलाच!" "घेऊन जा तुमची चौकीदारी खंडव्याला!" भाऊ गोलामागून काय ओरडले ते त्या गोंगाटात कुणाला ऐकू गेलं नव्हतं. खरं काय झालं ते ठाऊक असलेले तिघंच: अनिकेत, सर आणि भाऊंच्या मागोमाग गेलेला मी. सर म्हणाले, "चूक माझी. मुलगा दमला होता. मीच त्याला बसवायला हवं होतं." अनिकेत मान खाली घालून उभा. त्यानंही बापाचं नाव घेतलं नाही.

आणि धर्मेंद्र भाऊंचा हात धरून म्हणाला, "भाऊ, बस झालं. आता तुम्हीच या परत. उद्याच बैठक घेतो!" चारचौघं म्हणाली, "नंदूभाऊच पाहिजेत!" ज्यासाठी हा माणूस आतून जळत होता ते सगळं ताटात वाढून समोर आलं होतं. फक्त गप्प राहायचं होतं.

भाऊ सरांकडे बघत राहिले. सर अनिकेतच्या पाठीवरची माती झटकत होते.

भाऊ कडुनिंबाकडे वळले. घड उतरवला. उखर्डूबुवा म्हणाले, "अरे, तो खंडव्याच्या पोराचा. रिवाज आहे."

"नाही बुवा," भाऊ म्हणाले. "त्यानं फक्त पाय लावला. गोल माझा आहे."

त्यांनी घड स्वतःच्या खांद्यावर घेतला. कुणाला काही कळेना. ते चालायला लागले. मैदानातून रस्त्यावर, रस्त्यावरून शनवाऱ्याकडे, गुडघा ओढत. टाळ्या नाहीत, काही नाही. किराणावाल्यानं सवयीनं विचारलं, "भाऊ, आज कोणी मारला?"

"मी," भाऊ म्हणाले. "आपल्याच जाळ्यात. पोराला मीच हाक मारली. सरांची काही चूक नाही."

पुढच्या दुकानात तेच. त्याच्या पुढच्या दुकानात तेच. चौकात पोचेपर्यंत सगळ्या शनवाऱ्याला कळलं होतं. तिथं वाटायला बसले तर कुणी केळं घेईना. पहिलं केळं यादव सरांनी घेतलं. उभ्या उभ्या खाल्लं आणि म्हणाले, "मीठा है, भाईसाहब." 

इंदूर गेलं ते गेलंच. सर मात्र राहिले. आता मत्सर गेला का, विचाराल तर खोटं कशाला बोलू? देवाच्या दारात बसलोय. परवाच अनिकेत जेवताना "सर म्हणतात" म्हणाला आणि भाऊंनी वाटी पुढे ओढली. मग थोड्या वेळानं आपणच मागे सरकवली, असं वहिनींनी सांगितलं.

त्या सामन्यानंतर बरेच दिवस बापलेक बोलत नव्हते. एकदा बागेत घड कापताना भाऊंनी न राहवून विचारलं, "तुला दिसलं नव्हतं का रे, मागं मोकळं पडतंय ते? तुला तर मैदान दिसतं."

अनिकेत म्हणाला, "दिसलं होतं ना पप्पा. पण तुम्ही उभे होते."

भाऊंनी हातातली कोयती खाली ठेवून मला हे सांगितलं. तेवढ्यासाठीच मी तुम्हाला जवळ बोलावलं. आता आरतीचं ताट फिरेल. प्रसादात केळं असेलच, आपल्याकडे दुसरं काय असतं? ते तोंडात घालण्याआधी एक करा. नंदूभाऊंची नको, सरांचीही नको. सगळं दिसत असूनही बापाच्या हाकेला धावत गेलेल्या त्या अनिकेतची घडीभर आठवण काढा.