पडलेलं फडकं

टप्प करून डब्याचं झाकण निघालं, आणि सकाळपासून गप्प असलेलं घर जरासं दचकलं. राजेश्वरीनं चटकन नवऱ्याच्या खाटेकडं पाहिलं. श्रीनाथनं मानसुद्धा वळवली नाही.

पाच महिन्यांपूर्वीपर्यंत हा आवाज ऐकला की तो हातातला चहा ठेवून बाहेर यायचा. "ए, तू हात लावू नको. गाडी हाय ती, परात न्हाय." तुळजापूरला भाविक नेणारी त्याची निळी गाडी दर अमावस्येला इथंच, कळंबच्या अंगणात, न्हायची. मग एक दिवस तो पाण्याच्या टाकीवरून डोक्यावर पडला. डॉक्टर म्हणाले, "जीव वाचला. माणूस किती परत येईल, सांगता येत नाही. जीवाभावाच्या गोष्टी दाखवत राहा."

आई दाखवून झाली, लेक दाखवून झाली, लग्नाचा अल्बम झाला. उरली होती गाडी. आणि आज अमावस्या होती.

डब्यातलं गाडी पुसायचं पिवळं फडकं वाळून कडक भाकरीसारखं झालं होतं. कातड्यासारखं दिसणारं ते फडकं तो कधी वाळू द्यायचा नाही, ओलसरच गुंडाळून ठेवायचा. तिनं ते बादलीत बुडवलं. हळूहळू ते मऊ पडलं. एवढं वाळलेलं मऊ होतं, मग...

पुढचं तिनं मनातसुद्धा म्हटलं नाही.

सासूच्या मदतीनं तिनं त्याला दारातल्या खुर्चीत बसवलं. लिंबाच्या सावलीला गाडी धुतली. फडकं पिळून टपावर पसरलं, दोन्ही टोकं धरून अलगद आपल्याकडं ओढलं. घासायचं न्हाय, पाणी फडक्यानं प्यायचं, हे त्याचंच शिकवणं. मागं निळा रंग लखलखीत, एक थेंब नाही.

"बरोबर हाय का वो?" तिनं विचारलं. "का दार ऱ्हायलं?"

तो गाडीकडं बघत होता. की गाडीमागच्या भिंतीकडं.

"बास कर पोरी," सासू दगडाबाई म्हणाली. "दमला असंल त्यो."

तेव्हा राजेश्वरीनं हातातलं फडकं मुरमात टाकलं.

खाली पडलेलं फडकं न धुता गाडीला लागलं, म्हणून हा माणूस सख्ख्या आईशी दोन दिवस बोलला नव्हता. तिनं ते खड्यांसकट उचललं, बॉनेटवर ठेवलं आणि गोल गोल घासायला लागली. खर्र. खर्र.

"आगं, काय करायलीस," दगडाबाई उठली.

"बघा की वो," ती त्याच्याकडं बघत म्हणाली. "तुमची गाडी हाय. शिव्या द्या. एक तरी द्या."

निळ्या रंगावर पांढरे ओरखडे उमटत गेले. श्रीनाथच्या ओठाच्या कडेनं लाळ आली, हनुवटीवर थांबली. डोळे होते तसेच.

तिचा हात आपोआप थांबला. ती त्याच्याजवळ गेली, पदरानं त्याची हनुवटी पुसली. अलगद, न घासता.

पायरीवर बसलेली सहा वर्षांची जाई उठून गाडीपाशी गेली. तिनं ओरखड्यांवरून बोट फिरवलं.

"मम्मे, फडकं पडलं तर धुवून घ्यायचं आसतंय. मला बी ठावं हाय."

"व्हय गं."

जाईनं बापाकडं पाहिलं, मग आईकडं.

"मग पप्पा रागावले का न्हाईत?"