मोजणारी बया

"आई, तू जरा मागं बस. पुढच्या दोन रांगा पाहुण्यांच्या आहेत."

बयाबाई मुकाट्यानं उठली आणि भिंतीकडेच्या खुर्चीत जाऊन बसली. लग्नाकार्याचं हिरवं लुगडं नेसून ती उमरठहून पहाटेच्या एसटीनं निघाली होती, पोलादपूरला गाडी बदलून महाडला पोचली होती. पोरानं निरोपच तसा धाडला होता. आज सगळ्यांसमोर माझं नाव घेणार आहेत, ये. मग कोणती आई घरी बसेल?

तिचा पोरगा प्रवीण महाडात चिंतामणी सरांच्या कंप्युटर क्लासात शिकवायचा. पण त्याचा खरा जीव होता रविवारच्या कट्ट्यात. दर रविवारी दुपारी चार वाजता पुण्या-मुंबईचे, नाशिक-नागपूरचे वीस-बावीस प्रोग्रामर इंटरनेटवर जमायचे. आठवड्यात काय अडलं ते प्रत्येकानं लिहायचं, ज्याला सुचेल त्यानं वाट दाखवायची आणि कुणी कुणाला हसायचं नाही, असा तिथला रिवाज. महाडात प्रवीणला कुत्रं विचारत नव्हतं, पण कट्ट्यावर त्याची वाट बघायचे. एवढ्यावर तो माणूस आठवडा काढायचा.

गंधार त्या कट्ट्यावरचाच, पुण्याच्या कंपनीतला आणि चिंतामणी सरांचा सख्खा पुतण्या. त्याचं काम पार अडलं होतं. एका फॉन्टात लिहिलेलं मराठी दुसऱ्या कंप्युटरवर उघडलं की नुसती किडामुंगी दिसायची. प्रवीणनं सात रविवार घालवून ते अक्षर न् अक्षर बदलून देणारा प्रोग्राम लिहिला आणि गंधारला पाठवून दिला. प्रोग्रामात आकडे मोजणाऱ्या जागेला काहीतरी नाव द्यावं लागतं. लोक एखादं अक्षर देतात. प्रवीण 'बया' द्यायचा. कट्ट्यावर कुणीतरी विचारलं तेव्हा त्यानं मोकळेपणानं सांगितलं होतं, की माझ्या आईला अक्षरओळख नाही, पण खळ्यावर भाताचे भारे मोजताना ती कधी चुकली नाही, म्हणून. गंधारनं लिहिलं होतं, "किती छान रे!"

त्याच प्रोग्रामाबद्दल गंधारला कंपनीनं बक्षीस दिलं आणि काकांनी क्लासात सत्कार ठेवला. गंधारनं कळवलं, तुझं नाव घेतोच, शिवाय कंपनीत तुझ्या नोकरीसाठी शब्द टाकतो. प्रवीणनं विश्वास ठेवला. ठेवू नये तर काय करावं? कट्ट्यावर कुणी खोटं बोललेलं त्यानं पाहिलंच नव्हतं.

शाल झाली, नारळ झाला. प्रवीण मागं उभा राहून पडद्यावर एकेक पान सरकवत होता. गंधार तासभर बोलला. मला असं सुचलं, मी तसं केलं. प्रवीणचं नाव आत्ता येईल, मग येईल, करता करता शेवटचं पान आलं. पडद्यावर प्रोग्रामाच्या ओळी होत्या. मधल्या रांगेतल्या वैदेही नावाच्या विद्यार्थिनीनं विचारलं, "सर, हे बया म्हणजे काय?"

गंधारनं एकवार मागं प्रवीणकडं पाहिलं. मग हसला.

"बया? कामवाली आहे आमची. प्रोग्रामात राबायला कुणीतरी लागतंच ना!"

सगळा हॉल खदखदून हसला. प्रवीणला वाटलं, आत्ता ओरडून सांगावं, की हे सगळं माझं आहे आणि ते नाव माझ्या आईचं आहे. पण भिंतीकडं बयाबाई बसली होती. पंख्याच्या घरघरीत तिला आपलं नाव तेवढं ऐकू आलं होतं आणि सगळे हसतात म्हणून तीही पदर तोंडाला लावून हसत होती. बोललो तर कशाला हसले ते तिला कळेल, एवढं मनात आलं आणि त्यानं पडद्यावरचं पान मिटवलं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

रविवारी चार वाजता त्यानं कट्ट्यावर घडलं तसं सगळं लिहिलं. मग गंधारचा मजकूर आला, "काका सांगत होते, प्रवीणची तब्येत हल्ली बरी नाही. काहीबाही बोलतो. सांभाळून घ्या त्याला."

आणि कट्ट्यानं त्याला खरोखरच सांभाळून घेतलं. काळजी घे, प्रवीण. चांगल्या डॉक्टरला दाखव. माझ्या भावालाही असंच झालं होतं, औषधानं उतार पडला. कट्टा चालवणाऱ्या अनिशनं लिहिलं, की बरा झालास की परत ये, तोवर तुझं नाव यादीतून काढून ठेवतो. पुढच्या घटकेला कट्टा त्याच्यापुरता बंद झाला. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

सोमवारी चिंतामणी सरांनी क्लासची किल्ली मागून घेतली. तुझी प्रकृती महत्त्वाची, म्हणाले.

प्रवीण उमरठला पोचला तेव्हा बयाबाई खळ्यावर भारे मोजत होती. शेजारची प्रयागबाई बांधावर बसली होती. त्याला बघताच ती म्हणाली, "तुजी आय आठ दिस त्येच सांगतेय रे. पुन्याच्या सायबानं भर सभेत तिचं नाव घेतलं म्हनं."

"घेतलं म्हंजे? कान फुटलं नाय माजं," बयाबाई म्हणाली. मग पोराजवळ आली आणि आवाज उतरवून म्हणाली, "पन तुजं नाय रे घेतलं. का?"

"तुझं घेतलं ना, आई. एकच की ते."

"त्ये कंपुटरात कसं लिवतात? दाव मला."

प्रवीणनं खिशातलं एसटीचं तिकीट काढलं आणि पाठीमागं चार इंग्रजी अक्षरं लिहून दिली. बयाबाईनं ते उलटंसुलटं करून पाहिलं, प्रयागबाईला दाखवलं, नीट घडी घालून पानाच्या चंचीत ठेवलं. किती दिवसांची सुट्टी, असं तिनं विचारलं. आहे थोडी, असं तो म्हणाला.

"मंग लाव हात," ती म्हणाली आणि पदर खोचून वळली. "त्र्याऐंशी. चौऱ्याऐंशी." कुठं थांबली होती ते तिला बरोबर ठाऊक होतं.