पाण्यात चालणारी गाडी

मी गाडीच्या टपावर बसून पहिल्या झाकणाला वेल्डिंगचा टाका मारणार, तेवढ्यात खालून हाक आली. डोळ्यांवरची काच वर करून पाहिलं तर चौथऱ्यापाशी साळूकाकी उभी. डोक्यावर पदर, हातात चपला. चौथऱ्याचं सिमेंट ओलं असेल म्हणून काढल्या होत्या की देऊळ समजून, कुणास ठाऊक.

"यासीन, थांब जरा. त्ये झाकण लावू नगंस."

मी म्हटलं, काकी, उद्या उद्घाटन आहे आणि मला दिवस मावळायच्या आत आष्ट्याला दुकानात पोचायचंय. वेल्डिंग करताना कुणी मध्ये बोललं की माझं टाळकं फिरतं, हे साऱ्या पंचक्रोशीला माहीत आहे. काकीलाही माहीत होतं. ती हलली नाही.

गाडी लष्कराची होती. फौजेच्या कामातून बाद झालेली, गावच्या फाट्यावर शोभेला ठेवायला मिळालेली. या गावात घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळं गाडी ट्रेलरवरून आली तेव्हा हलगी वाजवून तिचं स्वागत झालं. इंजिन आधीच काढून घेतलं होतं, तोफ मुकी केली होती. पोरं आत शिरून अडकायला नकोत म्हणून दारं कायमची बंद करायचं काम माझ्याकडं आलं. मागची दोन दारं सकाळीच झाली होती.

काकीचा नवरा नाथाजी फौजेत अशीच गाडी चालवायचा. दोन वर्षांपूर्वी तो गेला. पेन्शनीवर आल्यापासून नांगराचा फाळ नाहीतर खुरपं घेऊन माझ्या दुकानात यायचा आणि काम झालं तरी उठायचा नाही. त्याच्या गाडीला कुणी रणगाडा म्हटलं की बिथरायचा. "रणगाडा येकटा लढतोय रं. आमची गाडी पोटात माणसं घिऊन जाती, आन् वाटंत नदी लागली तर थांबत न्हाई." मग ती पाण्यात कशी जाते ते सांगायचा. तोंडावरची लोखंडी पाटी उभी करायची म्हणजे लाट अंगावर येत नाही, आत झिरपलेलं पाणी उपसायचा पंप लावायचा आणि हळूच उतरायचं. चाकांवरचे पट्टेच पाणी मागं ढकलतात. चौदा टनांचं लोखंड म्हशीसारखं तोंड वर काढून पोहत जातं. उतरण्याचं मात्र त्याला कौतुक नव्हतं. पलीकडं चढायला काठ घट्ट लागतो, खरी परीक्षा तिथं, असं तो म्हणायचा. कृष्णेच्या पुलावरून एसटीनं जातानाही तो खिडकीतून पलीकडचा काठ न्याहाळत बसायचा. फौज सुटली तरी ती खोड सुटली नाही.

हे सगळं गावाला पाठ होतं. साळूकाकीला तर झोपेतसुद्धा म्हणता आलं असतं. पण तिनं गाडी कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. एकदा संधी आली होती. पलटणीचा स्थापना दिवस होता आणि जवानांच्या बायकापोरांना गाडीत बसवून तळ्यातून फिरवायचं ठरलं होतं. नाथाजीनं गावातल्या फोनवर निरोप धाडला. काकीनं नवी साडी काढून ठेवली, आणि निघायच्या आदल्या दिवशी सासू मोरीत पडून तिच्या मांडीचं हाड मोडलं. काकी राहिली. नाथाजीनं दुसऱ्यांच्या बायका तळ्यातून फिरवून आणल्या.

यावरून काकीनं त्याला जन्मभर टोचलं. भाकरी करपली तरी विषय तळ्यावर जायचा. लोकांच्या बायका पाण्यातनं फिरवल्या आणि मी इथं म्हातारीचं हागणं-मुतणं काढत बसले, असं ती चारचौघांत ऐकवायची. गाव हसायचं, नाथाजीही हसायचा आणि पुढच्या वर्षी नेतो म्हणायचा. पुढच्या वर्षी त्याची पलटण सरहद्दीवर गेली. असं करत करत तो रिटायरच झाला.

आता ती गाडी फाट्यावर आली होती आणि मी तिची दारं बंद करत होतो.

"उद्या त्येंच्या नावानं मला शाल देणार हायती," काकी म्हणाली. "ती शाल नगं मला. मला आत बसायचंय, येकडाव. तू बंद केल्याव मग कवा बसू?"

मी म्हटलं, सुभेदारांना विचारा. इंद्रजित सुभेदार म्हणजे माजी सैनिकांच्या समितीचे अध्यक्ष, नाथाजीच्याच पलटणीतले. झाडाखाली खुर्ची टाकून ते माझ्या कामावर नजर ठेवून होते. त्यांनी तिथूनच नाही म्हणून सांगितलं. लोखंड तापलंय, वय झालंय, पाय घसरला तर उद्याच्या कार्यक्रमाचं काय. सगळी कारणं खरी होती. काकी चौथऱ्याच्या पायरीवर मांडी घालून बसली. उद्याच्या पाहुण्यांना तिला ओलांडूनच फीत कापावी लागली असती.

मला काम सुरू करता आलं असतं. पण खाली म्हातारं माणूस असं बसलं असताना वरून ठिणग्या कशा उडवायच्या? माझी चिडचिड झाली. शेवटी मी खाली उतरलो, शिडी गाडीला नीट टेकवली आणि सुभेदारांना ऐकू जाईल असं म्हणालो की मला आता चहा प्यायचाय, अर्धा तास मी कशाला हात लावणार नाही.

सुभेदार उठून आले. मला वाटलं, आता खरडपट्टी. ते शिडी धरून उभे राहिले.

काकी कासोटा आवळून चढली, मी मागोमाग. तिला एकच विचारायचं होतं, नवऱ्याची जागा कुठली. सुभेदारांनी खालून सांगितलं, डाव्या अंगाचं पुढचं झाकण. काकीनं ओणवं होऊन आत पाहिलं. फाटकी सीट होती, पुढं मोटारसायकलसारखं हँडल. ती खूप वेळ पाहत राहिली.

"येवढ्याशा जाग्यात उमर काढली व्हय त्येनी," ती म्हणाली. मग मान न वळवता तिनं विचारलं, "त्या दिशी बाया कुठं बसल्या हुत्या, भावजी?"

सुभेदारांनी शिडी धरूनच सांगितलं. "मागल्या अंगाला, वैनी. दोन रांगा, पाठीला पाठ लावून. मी हुतो त्या दिशी गाडीवर." त्यांनी एक हात वर करून दाखवलं. "ड्रायव्हरच्या पाठीमागं आनिक येक सीट आसती. त्ये दुसरं झाकण हाय न्हवं, त्येच्या खाली. तितं नाथाजीनं कुणालाच बसू दिलं न्हाई. सीट मोडलीया म्हणला. येक बाई खाली ऱ्हायली, तवा मी लय बोललो त्येला. सांजच्याला जाऊन बघतोय तर सीट धडधाकट."

"मग?"

"मग इचारलं. म्हणला, सायेब, ती आमच्या साळूची जागा हाय."

काकी तापलेल्या लोखंडावर हात टेकून तशीच राहिली. चटका बसत असणार, पण तिनं हात काढला नाही.

"जल्मभर टोचून खाल्लं मी त्येंला," ती म्हणाली. "कवा तरी सांगायचं की."

सुभेदार म्हणाले, त्यानं सांगितलं असेल असंच ते इतकी वर्षं धरून चालले होते.

ती दुसऱ्या झाकणाकडं सरकली आणि माझ्यापुढं हात केला. मी तिला दंडाला धरून आत सोडलं. आत अंधार होता आणि जागा इतकी अरुंद की तिचे गुडघे पुढच्या सीटच्या पाठीला लागले. तिनं पदर नीट केला, अंग सावरून बसली. तिला उकडत असेल, काही हवंय का विचारावं म्हणून मी वाकलो. ती माझ्याकडं पाहत नव्हती. पुढच्या सीटकडं तोंड करून ती हळू आवाजात म्हणाली, "आवं, बसले मी. चला आता."

गाडीचे पट्टे मी सकाळीच चौथऱ्यातल्या लोखंडाला वेल्ड करून टाकले होते. मी शिडीवरून खाली आलो, मशीन बंद केलं आणि सुभेदारांच्या शेजारी पायरीवर जाऊन बसलो.