आडोशाची झाडं

धाकट्या भावाचं तोंड दिसू नये म्हणून आमच्या ह्यांनी वाटणीनंतर बांधावर झाडांची रांग लावली. रांग कसली, भिंतच ती. रागाला खत लागत नाही, झाडं बघता बघता वर गेली. घर, तबेला आणि बांधालगतची चिंचोळी पट्टी आमच्या वाट्याला, पलीकडचं मोकळं रान भावजींना. फाटकं तेवढी एकाच रस्त्यावर, शेजारी शेजारी.

यंदा आमच्या घोड्या एकामागून एक गाभडल्या, शिंगरं मेलेलीच पडली. भावजींची एकही नाही. मग काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यांनीच पाण्यात विष कालवलं म्हणून हे रस्त्यात उभे राहून ओरडले, आणि मीही मागे राहिले नाही. तुमचीही पोरं अशीच जावोत, असं भावजींच्या तोंडावर बोलून मोकळी झाले.

गाभण अशी एकटी ठकी उरली. तिची आई तिला जन्म देताना मेली, तेव्हापासून मीच तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. पोटची नव्हती, एवढंच.

विष सिद्ध करायला ह्यांनी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी पाणी, चारा, मेलेली शिंगरं सगळं तपासलं, पण विषाचा पत्ता नाही. मग बाई चिमटा घेऊन झाडांखाली उकिडव्या बसल्या आणि बरणीभर केसाळ सुरवंट घेऊन उठल्या. सुरवंट झाडांवरून गवतात, गव्हाणीत, पाण्यात पडतात, घोडी चाऱ्याबरोबर गिळते, केस आतड्यात रुततात आणि त्या जखमांतून जंतू गर्भापर्यंत पोचतात, असं त्यांनी समजावलं. भावजींच्या घोड्या लांब चरतात म्हणून वाचल्या. झाडं तोडा, आणि तोवर घोडी इथून हलवा, आजच.

"झाडं राहतील," हे म्हणाले. "त्याचं तोंड बघण्यापेक्षा शिंगरू गेलेलं परवडलं."

स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात तो हाच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ठकीला दोर लावला आणि निघाले.

"त्याच्या दारात गेलीस तर या घरात पाय ठेवू नकोस," मागून ऐकू आलं. मी वळले नाही.

भावजी फाटकातच उभे होते. बाई काय म्हणाल्या ते मी सांगितलं. माफीही मागायची होती, पण मी दोर तेवढा पुढे केला. त्यांनी ठकीच्या पोटावरून हात फिरवला, माझ्या हातातला दोर घेतला आणि तिला आत नेलं. मीही पाऊल उचललं, तर फाटक आडवं आलं.

"घोडीचं काही चुकलेलं नाही, वहिनी. तिचं बाळंतपण मी करीन. तुम्ही मात्र या फाटकाशी पुन्हा यायचं नाही."

कडी लागली. ठकी गवतात तोंड घालून चरायला लागली, तिनं मान वर करूनही पाहिलं नाही. मी आमच्या फाटकाकडे वळले. त्याला आतून कुलूप होतं.