नाकात चढलेली नळी

हसून घ्या आधी. मी लघवीची नळी बोलतेय. माझ्या टोकाला एक इवलासा फुगा असतो. त्यात पाणी भरलं की मी मूत्राशयात ठाण मांडून बसते. आमच्या खानदानात सगळ्यांनी जन्मभर हेच केलं. माझ्या नशिबी मात्र नाक आलं.

नाक एका सुतारकाम करणाऱ्या मुलीचं. वखारीत फळी निसटली ती थेट तोंडावर. थोरले काका तिला गाडीतून इस्पितळात आणत होते आणि वाटभर हुकूम सोडत होते, "मान मागे टाक! अजून मागे!" नाकातून रक्त यायचं थांबलं, काका खूश. ते सगळं घशातून पोटात चाललं होतं. दारातच तिला लालभडक उलटी झाली, काकांच्या बुटांवर. वडीलधाऱ्यांचं ज्ञान शेवटी असं बाहेर पडतं.

"मान पुढे! मागे करायला कोणी सांगितलं?" डॉक्टरीणबाई ओरडल्या. काका घड्याळ बघू लागले.

नाकपुड्यांत कापडाच्या पट्ट्या कोंबल्या, तरी रक्त मागून वाहतच होतं. ओठ पांढरे, नाडी सुसाट. मग सिस्टरने पाकीट फाडून मला काढलं. मी नाकातून घशाच्या तोंडाशी गेले, फुगा भरला, मला पुढे खेचून नाकपुडीबाहेर चिमटा लावला. बुचासारखी बसले. रक्त थांबलं. वासाचं विचारू नका, पण आमच्यातलं कोणी इतक्या वर पोचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी सिस्टरला विचारलं, "ही नळी कसली हो?" तिने सांगितलं.

"आमच्या मुलीच्या नाकात?"

"कोरी आहे हो काका!"

"कोरी असली म्हणून काय? आत्ता सोयरे येतायत!"

सिस्टरची पाठ वळली आणि काकांनी चिमट्याला हात घातला. "जरा काढू. ते गेले की परत घालू." जणू मी कानातलं! चिमटा सुटला असता तर मी सैल पडले असते आणि रक्त पुन्हा उसळलं असतं.

मुलीने त्यांचं मनगट धरलं. रंधा चालवणारी पकड ती.

"हात काढा." जबडा सुजलेला, शब्द दातांआडून.

"अगं, लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या. ऐकायला मी असेन तरी."

काकांनी हात काढला. सोयरे आले तेव्हा काका तासभर तिच्या नाकापुढे वर्तमानपत्र धरून उभे राहिले, उलटं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी फुग्यातलं पाणी काढलं आणि वाट पाहिली. एक थेंब नाही. मग मला हळूच ओढून घेतलं. मुलीने मला पाहायला मागितलं.

"एवढीशी?" ती म्हणाली. "काका, बघा तरी. हिच्यामुळे आहे मी."

काकांनी डोळे किलकिले करून पाहिलं. "बरं झालं बाई," ते पुटपुटले. बाई म्हणजे कोण, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आता मी इस्पितळाच्या कचऱ्याच्या पिशवीत आहे, पुढे भट्टी. रडायची गरज नाही. फक्त ती कशाने वाचली असं कुणी विचारलं, तर माझं नाव सांगताना आवाज खाली आणू नका.