बुनेवरचा तराफा

तराफ्यातून पहिल्यांदा ‘कट्’ असा आवाज आला, तेव्हा अल्मासाला वाटलं, पोरांचाच काहीतरी चाळा चाललाय.

दोराचं एक टोक तिच्या हातात होतं. दुसऱ्या टोकाला, बुना नदीच्या हिरव्या पाण्यावर, तिच्या भावाची दोन्ही मुलं होती. अकरा वर्षांची मेरिमा पुढे मांडी घालून बसली होती आणि सहा वर्षांचा वेदाद तिच्या पाठीला चिकटून. मेरिमा माशासारखी पोहायची. वेदादला पोहता येत नव्हतं.

“आत्या, अजून सोड ना दोर! शेळी बांधल्यासारखं काय धरून ठेवलंयस!”

“शेळी निदान गप्प तरी बसते,” म्हणत अल्मासाने वावभर दोर सोडला.

भाऊ नेर्मिन आणि त्याची बायको उन्हाळाभर मोस्तार शहरातल्या हॉटेलात राबत होती, आणि मुलं तिच्यावर सोपवलेली. टीव्हीपुढून उठवायचं म्हणून तराफ्याची कल्पना तिनेच काढली होती. जुन्या खिडक्यांच्या लाकडी पट्ट्या निघाल्या. पाण्याच्या आणि बियरच्या मोठ्या प्लास्टिकच्या बाटल्या पोरांनी गावभर हिंडून गोळा केल्या. त्या धुऊन अंगणातल्या फरशीवर वाळत घातल्या, तेव्हा फरशी अशी तापली होती की वेदाद एका पायावर नाचत होता. भर दुपारी त्याने एकेक झाकण तळवा लाल होईपर्यंत पिळून लावलं. मग अल्मासाने पट्ट्यांखाली बाटल्या रचून सुतळीने आवळल्या, नखसुद्धा शिरणार नाही अशा. अंगणात तिघंही त्यावर उड्या मारून आली. तराफा हलला नाही.

कट्. मग पुन्हा, कट् कट्.

“आत्या, तराफा मक्याच्या लाह्या खातोय!” वेदाद ओरडला.

मेरिमा खो खो हसली. अल्मासाही हसली. तेवढ्यात पाण्याने तराफा जरासा फिरवला आणि कडेची तपकिरी बाटली तिच्या नजरेला पडली. अंगठ्याने दाबावी तशी ती एका बाजूने आत गेली होती. शेजारचीही. तिच्या पलीकडचीही.

तिचं हसू थांबलं. बाटल्यांतली हवा अंगणातल्या दुपारची होती. बुना डोंगराच्या पोटातून निघते आणि जुलैतही तिच्यात पाय घातला की घोट्यापासून वर कळ जाते. आतली हवा निवली, आकसली, तशा बाटल्याही आकसल्या. सुतळी मात्र तेवढीच लांब राहिली होती. जिथे नख शिरत नव्हतं, तिथे आता हात शिरला असता.

“मेरिमा, परत या. खेळ संपला.”

“आत्ता तर बसलोय!”

“संपला म्हटलं ना!”

तिने दोर ओढला. दोर पुढच्या पट्टीला बांधलेला होता. तराफा आला नाही, नुसती पट्टी वीतभर बाहेर सरकली आणि तिच्याखालून एक बाटली सुटून टुणकन वर आली. ती डोलत निघून गेली. पाठोपाठ दुसरी. वेदादच्या बाजूचा कोपरा पाण्यात बुडला.

“आत्या, पाणी!” आता तो हसत नव्हता. “थंड आहे!”

ओढायचं नाही, एवढं तिला कळलं. ओढलं तर पट्टी निघेल आणि सगळंच सुटेल. मग नुसतं धरून ठेवायचं? तिने दोर ताणू न देता धरला आणि काठाने चालू लागली. तेव्हा दुसरी गोष्ट दिसली. दोर तिच्या काठावर होता, म्हणून प्रवाह तराफ्याला तिच्याच काठाकडे लोटत होता. या काठाला, चाळीसेक पावलं खाली, पाणचक्कीचा पाट होता. माशांच्या तळ्यांसाठी त्याची पाणी अडवायची फळी आज वर उचललेली होती. पाणी तिथे वळून, गुळगुळीत होऊन चक्कीच्या खाली शिरत होतं, आणि आत लोखंडी गज होते.

नदीच्या मध्यावर, पाटाच्या पलीकडे, बंधाऱ्याचा माथा होता. त्यावरून पाणी जेमतेम गुडघाभर वाहायचं. शेजारचे अव्दोकाका विजार खोचून तिथे उभे होते, कलिंगडं गार करायला दगडांत अडकवत.

“अव्दोकाका! काका, पोरं!”

काकांनी मान वर केली, बघितलं आणि हातातलं कलिंगड टाकून दिलं. “ओढ!” ते ओरडले. “अगं, बघतेस काय, ओढ!”

“आत्या, ओढ ना!” मेरिमा किंचाळली.

अल्मासाने पाटाच्या तोंडाकडे बघितलं, मग बंधाऱ्याकडे. हातातला दोर ही तिच्याजवळची एकच गोष्ट होती, आणि तीच गोष्ट मुलांना गजांकडे नेत होती. हे तिला लख्ख कळत होतं. तरी बोटं उघडेनात.

“मेरिमा! वेदादला पालथा झोपव. तू त्याच्यावर आडवी हो. दोन्ही हातांनी बाटल्या कवटाळ, बाहेरून. पाय पसर. ऐकतेयस?”

“तू काय करतेयस?”

“मी दोर सोडतेय.”

“नाही! आत्या, नको! सोडू नको!”

तिने सोडला.

दोर गवतातून सरपटत पाण्यात गेला. तराफा क्षणभर जागीच डगमगला, मग त्याचं तोंड काठापासून फिरलं. वेदाद मोठ्याने रडत होता. तो रडतोय तोवर ठीक, असं स्वतःला सांगत अल्मासा काठाने धावत सुटली. बाटल्या एकेक निसटत होत्या. तराफ्याची मागची बाजू पाटाच्या ओढीत सापडली, वळली, थबकली. कुठे जाईल ते त्या घटकेला कुणालाच सांगता आलं नसतं. मग मधल्या धारेने त्याला उचललं आणि तो बंधाऱ्याकडे निघाला, तराफा कसला, सुतळीत गुंतलेला बाटल्यांचा पुंजका, त्यावर दोन ओली डोकी.

पाटावरचा छोटा साकव ओलांडून ती माथ्यावर उतरली. पाण्याने तिचा श्वासच कापला. अव्दोकाका पलीकडून चाचपडत येत होते. पुंजका माथ्यावरच्या दगडांना येऊन अडला आणि पहिल्यांदा मेरिमाचा दंड तिच्या हाती लागला. मेरिमाने तो झटकला.

“मला नको! त्याला घे!”

वेदादला उचललं तेव्हा त्याच्या दोन्ही मुठींत एकेक बाटली होती. काठावर आणेपर्यंत त्याने त्या सोडल्या नाहीत.

अव्दोकाकांनी आपला सदरा काढून त्याला गुंडाळला. “तुझ्या जागी दुसरं कुणी असतं तर शिव्या घातल्या असत्या,” ते धापा टाकत म्हणाले. “तुलाही घालणारच आहे. जरा दम खाऊ दे.”

“घाला, काका.”

मेरिमा चार हात दूर, पाठ करून बसली. तिचे दात वाजत होते. अल्मासाने टॉवेल पुढे केला. तिने घेतला, पण वळून बघितलं नाही.

“तू सोडलंस आम्हाला.”

“हो.”

“मी नको म्हणत होते.”

“ऐकत होते मी.”

पुढचं सांगायला अल्मासाने तोंड उघडलं. तेवढ्यात गवतात पडलेला तिचा फोन वाजला. नेर्मिनची जेवणाची सुट्टी झाली असणार. जवळ होता वेदाद. निळ्या पडलेल्या बोटांनी त्यानेच तो उचलला.

“बाबा! तराफा तुटला! आणि आत्याने आम्हाला सोडून दिलं! मी रडलो, पण थोडाच!”

फोनमधून नेर्मिनचा आवाज चढत गेला. शब्द कळत नव्हते. अव्दोकाका उगाच नदीकडे बघू लागले.

मेरिमा उठली. भावाच्या हातातून तिने फोन काढून घेतला आणि अल्मासापुढे धरला. “तू सांग,” ती म्हणाली. “का सोडलंस ते.” आणि ती तिथेच, आत्याच्या गुडघ्याशी बसली, ऐकायला.

अल्मासाने फोन कानाला लावला. “नेर्मिन, दोघंही माझ्यासमोर आहेत. धड आहेत. आता मी बोलते, ते मधे न बोलता ऐक.”