आठाचे पाच

मध्यम किमतीच्या गिटार-अँप्लिफायरांविषयी जे लिहिले जाते त्याचा मी बावीस वर्षे अभ्यास केला आहे, आणि ते वाङ्मय प्रामुख्याने पाकशास्त्राचे आहे असे माझे मत बनले आहे. आवाज ‘लोण्यासारखा’ असतो, ‘कुरकुरीत’ असतो, ‘मुरलेला’ असतो. हा स्वयंपाक असह्य झाल्यामुळे मी एका संगीत-त्रैमासिकात दरवर्षी दहापैकी गुणांची यादी छापू लागलो. पद्धत कडक होती. अँप्लिफायर एका खोलीत, मी शेजारच्या खोलीत, मधले दार उघडे आणि माझी पाठ दाराकडे. कोणता खोका वाजतो आहे हे मला कळता कामा नये, एवढ्याचसाठी.

मला स्वतःला गिटार येत नाही. वाजवायचा माझा धाकटा भाऊ. दहा वर्षे त्याने विनातक्रार वाजवले आणि अकराव्या वर्षी, चहा पिता पिता, तो म्हणाला, “दादा, तू वाखाणतोस मला आणि नाव छापतोस खोक्याचं.”

“उद्या वीज कंपनीचंही छापू?” मी विचारले.

त्या वर्षीच्या प्रस्तावनेत मी लिहिले, ‘वादक हा बदलता येण्याजोगा घटक आहे.’ ते त्याने वाचले. नंतर तो आला नाही. मीही बोलावले नाही, घटक बदलला.

नवा वादक संगीतशाळेतला मास्तर. वेळेवर येई, अचूक वाजवी, चपला एका रेषेत काढून ठेवी. त्याच्या कारकिर्दीत बहुतेक खोक्यांचे गुण जागच्या जागी राहिले. तीन-चार नावाजलेले मात्र घसरले. ‘उत्पादनातील ऱ्हास’ या विषयावर मी सोळा पानांचा निबंध लिहिला. त्यात तळटीपा एकेचाळीस होत्या.

यंदाची यादी छापून आल्यावर एका दुपारी दारात एक बाई उभ्या राहिल्या. ढकलगाडीवर दोन अँप्लिफायर होते. चार कामगारांच्या एका छोट्या कारखान्याच्या त्या मालकीणबाई.

“तीन वर्षांपूर्वी आठ दिलेत, सर. यंदा पाच.”

“दर्जा घसरतो, बाई.”

“हा आठवाला, हा पाचवाला. मागची फळी काढा. आत एक स्क्रू जरी वेगळा निघाला तरी कारखाना बंद करते. तसाही तो बंदच पडणार आहे. तुमची यादी वाचून दुकानदारांनी मागणी थांबवलीय.”

मी फळ्या काढल्या. तोच ट्रान्सफॉर्मर, तोच स्पीकर, वायरींवर त्याच हस्ताक्षरातल्या चिठ्ठ्या. मास्तरांना बोलावून घेतले आणि पाठ फिरवून बसलो. पहिल्याला पाच. दुसऱ्याला पाच. क्रम उलटा केला. पुन्हा पाच आणि पाच.

मालकीणबाईंनी विचारले, “आठ दिलेत तेव्हा कोण वाजवत होतं?”

“माझा भाऊ.”

“मग त्यालाच विचारा की. का, बोलणं बंद आहे?”

मास्तर एकदम गिटारच्या खुंट्या तपासू लागले. बाई समोरची खुर्ची ओढून, हाताची घडी घालून बसल्या. मी फोन लावला.

“बोल, दादा,” तो म्हणाला, जणू कालच बोलणे झाले होते.

मी घडला प्रकार सांगितला आणि मनात जुळवून ठेवलेले वाक्य उच्चारले: ते आठ गुण वस्तुतः तुझे होते, सबब ते मी मागे घेत आहे.

“अरे, मागे कशाला घेतोस? आठच आहेत ते. तो खोका हातातलं काही झाकत नाही. हलकं छेडलं की हलकं बोलतो, जोर दिला की गुरगुरतो. बाकीचे सगळ्यांना एकाच साच्यात घालतात, म्हणून त्यांचे सहा कधी हलत नाहीत. तुझे मास्तर प्रत्येक तार एकाच जोराने मारत असणार.”

“कवायतीसारखी.”

तो हसला. ते हसणे माझ्या कोणत्याही टिपणात नव्हते.

“मग त्यांना तेवढंच परत मिळालं. बाईंना आठ देऊन टाक.”

“येऊन एकदा वाजवशील?”



“नको रे. अकरा वर्षं तुझ्या पाठीकडे बघून वाजवलंय.”

शुद्धिपत्र पुढच्या अंकात आले. बाईंचे आठ गुण परत दिले, निबंध तळटीपांसकट मागे घेतला, आणि अकराही याद्यांच्या वादकाचे नाव पहिल्यांदा छापले. बाईंनी फोन करून मागणी पुन्हा सुरू झाल्याचे कळवले. धाकट्याला मी अंकाची प्रत पाठवली. तिची पोच आली नाही.

आता चाचणीच्या वेळी माझी खुर्ची दाराकडे तोंड करून असते. मी बघत असल्यामुळे मास्तरांचे हात अवघडतात, आणि कोणता खोका वाजतो आहे तेही मला स्पष्ट दिसते. पद्धत म्हणून हे टाकाऊ आहे.